कॅनडातल्या विनिपेगच्या गोठलेल्या मातीत भाड्याचा ब्रेकर: रिव्ह्यू, सोबत हीटिंग ब्लँकेट आणि ऑगरचा पण

ज्यांना घाई आहे त्यांना आधीच सांगून टाकते. सत्तर पाउंडी इलेक्ट्रिक ब्रेकरला (रस्ता फोडायला वापरतात ते ठोके मारणारं मशीन) ५ पैकी ४, जमिनीवर अंथरायच्या हीटिंग ब्लँकेटला ५ पैकी साडेचार, हातात धरायच्या पेट्रोलवाल्या ऑगरला, म्हणजे जमिनीत भोकं पाडायच्या गिरमिटाला, १ (तो पण सुरू झाला म्हणून), आणि ज्या दुकानातून हे सगळं भाड्याने आणलं त्याला २. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण काउंटरवरच्या पोराने जे केलं ते बाकीच्या ठिकाणी पण होऊ शकतं. ब्रेकरची कंपनी पण लिहीत नाही कारण रेंटलवाल्याकडे त्या दिवशी जे पडलेलं असेल तेच मिळतं आणि या वजनाचे सगळे ब्रेकर साधारण एकाच जातीचे असतात, एका ठोक्याला सत्तरेक जूल आणि मिनिटाला साडेआठशे-नऊशे ठोके.

काम काय होतं ते सांगते. जानेवारीत घरातून गॅरेजला जाणारी जमिनीखालची केबल मेली. इथे राहणाऱ्यांना समजावून सांगायला नको की गॅरेजला करंट नाही म्हणजे गाडीचा ब्लॉक हीटर (इंजिन गरम ठेवणारा) बंद, आणि उणे तीसला ब्लॉक हीटर बंद म्हणजे सकाळी गाडी सुरू होणार नाही. लायसन्सवाला इलेक्ट्रिशियन म्हणाला परमिट आणि केबल माझं काम, पण चर तुम्ही काढून द्या, दोन फूट खोल, नाहीतर मे महिन्यात भेटू. अंतर वीसेक फूट. भारतात एवढा चर दोन माणसं दुपारपर्यंत टिकाव-फावड्याने काढतात आणि वर चहा पण पितात. इथे नवऱ्याने उत्साहाने पहार घेतली, पहिला घाव घातला आणि पहार अशी काही उसळून परत आली की तो मनगट धरून आत जाऊन बसला. मग रेंटल.

तर आधी मातीबद्दल, कारण मशीन चांगलं का वाईट हे माती कशी आहे ते कळल्याशिवाय सांगताच येत नाही. मी सिव्हिलवाली आहे आणि सोलापूरकडची काळी माती लॅबमध्ये भरपूर हाताळलीय त्यामुळे हा भाग जरा लांबणार, कंटाळा आला तर खाली ब्लँकेटवर जा. विनिपेग ज्या जमिनीवर बसलंय ती अगासिझ नावाच्या हिमयुगातल्या प्रचंड सरोवराच्या तळाला साचलेली चिकणमाती आहे, काळ्या मातीसारखीच पाणी पिऊन फुगणारी आणि सुकली की भेगाळणारी. हिवाळ्यात ती गोठते आणि खोल गोठते. २०१४ ला तर थंडी दोन मीटरच्या खाली उतरली होती आणि रस्त्याखालचे पाण्याचे पाइप गोठून इतकी घरं कोरडी पडली की शेजाऱ्याच्या नळावरून होज ओढून लोकांनी दिवस काढले, आणि वर वसंत आला तरी खाली जमीन गोठतच होती, कारण वरची थंडी खाली पोचायला वेळ लागतो. आमच्या चराचा अर्धा भाग लॉनमधून जातो जिथे डिसेंबरपासून स्नो कोणी हलवलेला नाही आणि अर्धा पायवाटेला लागून जिथे आम्ही रोज फावड्याने स्नो काढतो. स्नो उष्णता अडवून धरतो, त्यामुळे लॉनखाली माती पातळ गोठलेली आणि पायवाटेशी खोलवर दगड. जिथे खणायचंय तिथला स्नो आदल्या महिन्यापासून तसाच राहू द्या, भाड्याचे पैसे वाचतील.

गोठलेल्या मातीत तीन गोष्टी असतात, मातीचे कण, त्यांना जखडून ठेवणारा बर्फ, आणि न गोठलेलं पाणी. तिसरी गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. चिकणमातीच्या कणांना चिकटून असलेला पाण्याचा पातळ थर उणे पाचला पण पूर्ण गोठत नाही. वाळूत हे पाणी फार कमी उरतं. म्हणून भिजलेली वाळू गोठली की एकदम कडक होते, उणे दहाला सावकाश दाबली तरी १० मेगापास्कलच्या वर जाते, म्हणजे हलक्या ग्रेडच्या काँक्रीटच्या पंक्तीला, आणि आमची चिकणमाती त्याच तापमानाला तिच्यापेक्षा नरम असते. कागदावर बघितलं तर मग ब्रेकरला सोपं जायला पाहिजे ना, काँक्रीट फोडणारं मशीन आहे. तसं होत नाही, आणि सगळी गंमत इथेच आहे.

बर्फ सावकाश दाबला तर वाहतो, हिमनद्या त्याच्यावरच चालतात. पण ब्रेकरचा एक ठोका साधारण मिलिसेकंदाचा खेळ. एवढ्या वेळात बर्फाला सरकायला सवड मिळत नाही, ते न गोठलेलं पाणी कणांमधून बाजूला व्हायला सवड मिळत नाही, त्यामुळे तीच माती अचानक ठोक्याला सावकाश दाबापेक्षा कितीतरी जास्त ताकद दाखवते. हे मोजायला हॉपकिन्सन बार म्हणून जुगाड असतो, दोन लांब धातूचे दांडे, मध्ये मातीची गोठलेली चकती, मागून तिसरा दांडा येऊन आपटतो आणि दांड्यांमधून धावणाऱ्या लहरींवरून चकतीचं काय झालं ते काढतात. बर्ट्राम हॉपकिन्सनने १९१४ ला मूळ कल्पना मांडली, दोन दांड्यांमध्ये नमुना धरायची पद्धत कोल्स्कीची, १९४९ ची. अमेरिकेतल्या सँडिया लॅबने २००२ साली अलास्कातल्या गोठलेल्या मातीवर अशा टेस्ट छापल्या, जमिनीत वेगाने घुसणाऱ्या वस्तूंचा हिशोब करायला त्यांना हे पाहिजे होतं. चीनवाल्यांनी तर लांझोऊला गोठलेल्या मातीसाठी अख्खी प्रयोगशाळा उभी केलीय, कारण तिबेटची रेल्वे तसल्या जमिनीवरून जाते, आणि कोळशाच्या खाणीचे शाफ्ट पाणथळ जमिनीत काढायचे तर ते लोक जमीन मुद्दाम गोठवतात आणि मग त्यात सुरुंग लावतात. सगळीकडून निघालेली गोष्ट एकच, ठोका जितका झटपट आणि माती जितकी थंड तितकी तिची ताकद जास्त, आणि फुटते तेव्हा जितक्या वेगाने मारलं तितके तुकडे बारीक.

ही शेवटची गोष्ट मला प्रत्यक्ष बघायला मिळाली. पायवाटेच्या बाजूला, सकाळी उणे पंचवीस, टोकदार पॉइंट बिट (बिट म्हणजे मशीनच्या तोंडाला लावायचं पोलादी हत्यार) लावला आणि सरळ खाली दाबून धरला. टोकाखालच्या मातीचं पीठ व्हायला लागलं. खरंच पीठ, राखाडी रंगाचं. भोक पडतं पण ढेकूळ निघत नाही, सगळी ताकद टोकाखाली चुरा करण्यात जाते. आपल्याकडे रस्ता फोडणारे लोक ब्रेकर कसा धरतात आठवा, कधीच मधोमध उभा मारत नाहीत, कडेपासून चार बोटं आत आणि तिरका. कारण गोठलेली माती दाबाखाली दमदार असली तरी ताणात कच्ची, आणि ठोक्याने तिची दाबातली ताकद जेवढी वाढते तेवढी ताणातली वाढत नाही. म्हणून तिला चिरडायच्या मागे लागू नका, मोकळ्या कडेकडे ढकलून तिचा टवका उडवा. सुरुवातीला एक खड्डा कसाबसा करून घ्या (तिथे पीठच होणार, इलाज नाही) आणि मग त्या खड्ड्याच्या तोंडाकडे माती पाडत चला. रुंद छिन्नीने, तीन इंची, हे काम झक्कास होतं. वीतभर लांबीचे तुकडे उडतात. गॉगल शिवाय हात लावू नका, ते तुकडे काचेसारखे धारदार असतात.

वरचा फूटभर भाग असा गेला आणि मला वाटलं झालंच आता. मग खाली माती बदलली. रंग तोच, ओल तीच, पण टवके उडायचे बंद. जमीन वरून थंड होते, म्हणजे वर उणे पंधरा-वीस असेल तर फ्रॉस्ट, म्हणजे गोठलेला थर, जिथे संपतो तिथे शून्य, आणि त्याच्या जरा वरचा पट्टा उणे एक-दोनचा. गुळाची ढेप थंडीत बत्त्याने ठोकली की खपली उडते आणि मे महिन्यात तोच गूळ नुसता दबतो, अगदी तसं. उणे एकच्या चिकणमातीत न गोठलेलं पाणी इतकं असतं की ती ठोका खाऊन टाकते, बिट आत जातो, आजूबाजूला एक भेग सुद्धा पडत नाही, आणि बाहेर काढायला जावं तर निघत नाही. एकाच चरात मशीन तेच, माणूस तोच, आणि दोन फुटांत दोन वेगळी मटेरियल. रेंटलच्या कॅटलॉगमध्ये 'काँक्रीट, डांबर, फ्रोझन ग्राउंड' असं एका ओळीत लिहिलेलं असतं, त्यातला तिसरा शब्द एवढा सरळ नाही.

बिट अडकण्याबद्दल थोडं जास्त लिहिते कारण माझा सगळ्यात जास्त वेळ तिथे गेला. दाब वाढला की बर्फाचा वितळण्याचा बिंदू खाली येतो, फार नाही, १० मेगापास्कलला पाऊण डिग्रीच्या आसपास. उणे वीसला याने काही फरक पडत नाही. पण माती आधीच उणे एकला असेल तर पाऊण डिग्री म्हणजे भरपूर झालं, वर घासण्याची उष्णता, त्यामुळे बिटाभोवती पाण्याचा पातळ थर तयार होतो आणि बिट लोण्यात गेल्यासारखा आत जातो. तुम्ही ट्रिगर सोडला की दाब गेला, आणि ते पाणी स्टीलला धरून परत गोठलं. झालं, तीस किलोचं मशीन जमिनीत उभं. ओढून निघत नाही, हलवून निघत नाही. शेजारचे युक्रेनी आजोबा कुंपणावरून बघत होते, ते म्हणाले मशीन चालू ठेवून वर ओढ, आणि बिट भोकात असताना कधीच थांबू नकोस. एवढं ऐकलं आणि पुढे अडकला नाही. त्या पट्ट्यात टोकदार बिट काढून क्ले स्पेड लावा, फावड्याच्या पात्यासारखा पसरट असतो, तो चिकट मातीचे काप काढतो. टवके नाही पण काप तरी निघतात. म्हणजे एका चराला दोन बिट पाहिजेत, वर रुंद छिन्नी आणि खाली स्पेड.

आणि इथेच दुकानाचे मार्क गेले. मी रुंद छिन्नी मागितली तर काउंटरवरचा पोरगा म्हणाला पॉइंट पुरेल, सगळे तोच नेतात, आणि दिलेला पॉइंट पण असा बोथट की टोक करंगळीएवढं गोल. बोथट टोक म्हणजे पीठ अजून जास्त. परत जाऊन छिन्नी आणि स्पेड आणले तर त्याचे पैसे वेगळे आणि दिवसाचं भाडं मात्र पहिल्या तासापासून चालू. तुम्ही जाल तेव्हा बिट हातात घेऊन बघा, आणि केबल किती लांब आहे ते विचारा, थंडीत जाड एक्स्टेंशन कॉर्ड काठीसारखी ताठ होते आणि पातळ कॉर्ड वापरली तर व्होल्टेज पडून ब्रेकरचा दम जातो.

मशीन म्हणून ब्रेकर मात्र चांगला. हँडलला स्प्रिंगवाली व्यवस्था आहे त्यामुळे हाताला झिणझिण्या कमी, तरी थंडीत कंपनं जास्त बाधतात, बोटं पांढरी पडायला लागली तर तिथल्या तिथे थांबून आत जा. एक तक्रार जी खरं तर तक्रार नाही, रात्री गॅरेजमध्ये ठेवला तर सकाळी पहिली काही मिनिटं तो नुसता घुं घुं करतो, ठोकाच देत नाही, आतलं ग्रीस घट्ट झालेलं असतं. रात्री घरात ठेवा. ४ च मार्क कारण वजन. तीस किलो वरून खाली सोडायला बरं वाटतं पण चर म्हणजे सारखं उचलायचं, आणि बाहेर चार थर कपडे घालून ते उचलणं म्हणजे जिमचे पैसे वसूल.

आवाज किती होतो हे नवऱ्याने आतून सांगितलं. बेसमेंटमध्ये कपाटातले कप वाजत होते. त्याचं पण कारण आहे, मऊ मातीत लहर काही शे मीटर सेकंदाला जाते आणि वाटेत जिरते, गोठलेल्या मातीत तीच हजारांत जाते आणि फारशी जिरत नाही. घराच्या फाउंडेशनला लागून ब्रेकर चालवू नका, शेवटचे दोन-तीन फूट ब्लँकेटने वितळवून हाताने काढा. आम्ही तसंच केलं.

तर ब्लँकेट. ही इलेक्ट्रिक, आत वायरी, वर इन्सुलेशन, जमिनीवरचा स्नो साफ करून अंथरायची आणि वाट बघायची. बांधकामवाले गरम ग्लायकॉल (सहज न गोठणारा द्रव) फिरवणाऱ्या नळ्यांची मोठी यंत्रं आणतात आणि त्या कंपन्या दिवसाला फूटभर जमीन वितळते म्हणून सांगतात, आपलं घरगुती ब्लँकेट तेवढं नाही, पण आवाज नाही, घाम नाही, झोपून उठा आणि माती मऊ. हिशोब आवडणाऱ्यांसाठी, एक घनमीटर अशा चिकणमातीत चारशेएक किलो पाणी धरा, एक किलो बर्फ वितळवायला ३३४ किलोज्यूल, म्हणजे नुसत्या बर्फाला चाळीसेक युनिट वीज. जमिनीत आणि हवेत वाया जाते ती धरून दुप्पट म्हणा. मॅनिटोबात वीज पाण्यावरची आणि स्वस्त, त्यामुळे हे बिल ब्रेकरच्या एका दिवसाच्या भाड्याच्या पासंगाला पण पुरत नाही. ब्रेकर वीज फार कमी खातो, कारण त्याला सगळा बर्फ वितळवायचा नसतो, नुसत्या भेगा पाडायच्या असतात, पण भाडं आणि तुमची कंबर त्यात धरलेली नाही.

ब्लँकेटचा अर्धा मार्क कापला तो चिखलासाठी. वितळलेली माती गोठण्याआधीच्या मातीपेक्षा वाईट निघते. जमीन गोठताना खालचं पाणी वर ओढून घेते आणि बर्फाचे आडवे पापुद्रे तयार करते, आणि जमीन फुगते ती मुख्यतः त्यामुळे, पाणी गोठून ९ टक्के वाढतं त्याने नाही. स्टीफन टेबर नावाच्या माणसाने १९३० च्या सुमाराला पाण्याऐवजी बेन्झिन घालून माती गोठवून दाखवली होती, बेन्झिन गोठताना आकसतं, तरी माती फुगलीच. ब्रेकर चालवताना हे पापुद्रे कामाला येतात, छिन्नी त्या पातळीत तिरकी घातली की माती फरशीसारखी सुटते. पण तेच वितळले की जास्तीचं पाणी जाणार कुठे, खाली अजून गोठलेलं आहे. चर म्हणजे खीर झाली होती.

माझं मत असं की दोन्हीचं मिश्रण करताना अर्धवट वितळवू नका. लोक म्हणतात रात्रभर ब्लँकेट टाकून माती जरा नरम करून घे मग ब्रेकर मार. ही मला सगळ्यात वाईट आयडिया वाटते, कारण उणे पंधराची टवके उडणारी माती तुम्ही स्वतःच्या पैशाने उणे एकची चिकट माती करून ठेवता. एक तर पूर्ण वितळेपर्यंत ब्लँकेट राहू द्या आणि फावड्याने काढा, नाहीतर वरचा थंड थर थंडच असताना सकाळी सकाळी फोडा आणि मग उघड्या पडलेल्या तळावर ब्लँकेट टाका. आम्ही पायवाटेच्या बाजूला दुसरं केलं, लॉनच्या बाजूला पहिलं, दोन्ही जमलं.

ऑगरबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. खांबाच्या खड्ड्याला असतो तो, कोणीतरी सांगितलं म्हणून ओळीने भोकं पाडायला आणला. उन्हाळ्यातल्या मातीसाठी असलेली त्याची पाती गोठलेल्या मातीवर नुसती घासतात, आणि चुकून पकडलं तर माती फिरत नाही, माणूस फिरतो. कार्बाइडचे दात असलेला फ्रॉस्ट ऑगर मोठ्या मशीनवर लागतो, तो हातात धरायचा प्रकार नाही. पैसे पाण्यात.

खणण्याआधी फोन करून गॅस-वीज-टेलिफोनच्या लाईनी मार्क करून घ्या, फुकट होतं. मार्क केलेल्या लाईनीजवळ ब्रेकर अजिबात नको, गोठलेल्या जमिनीत बिट कुठल्या दिशेला सटकेल आणि ढेकूळ कुठपर्यंत सुटेल याचा भरवसा नाही, आणि पाइप त्या ढेकळात जखडलेला असतो. तिथे गरम पाण्याचा फवारा मारून चिखल ओढून घेणारा हायड्रोव्हॅकचा ट्रक बोलवा, महाग आहे पण गॅसच्या पाइपवर छिन्नी मारण्यापेक्षा स्वस्त.

आणि चर बुजवताना निघालेली गोठलेली ढेकळं परत टाकू नका. ती कितीही ठोकली तरी बसत नाहीत, मध्ये पोकळ्या राहतात आणि एप्रिलमध्ये सगळं वितळलं की जमीन खाली जाते. केबलच्या खाली-वर कोरडी वाळू टाका, पिशव्या घेऊन घरात ठेवा म्हणजे गोठणार नाहीत, आणि उरलेलं उन्हाळ्यात भरा. आमच्या लॉनवर अजून ढिगारा पडलाय, त्याच्यावर स्नो साचून पोरांनी घसरगुंडी केलीय. गॅरेजला करंट आलाय, गाडी सुरू होते. ब्रेकर परत करताना बिटांचे फोटो काढून ठेवा, त्या पोराने मला बोथट पॉइंटचे पैसे लावायचा प्रयत्न केला होता.